दगडात कोरलेली आणि न कोरलेली नावे : पटॅप्स्को नदीवरील थॉमस व्हायाडक्ट

मेरीलँड राज्यातील अ‍ॅकोकीक येथे १४ ऑक्टोबर २०२३ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९ फूट उंच पुतळ्याचे अनावरण झाले. तेव्हापासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील आपल्या बांधवांची पावले वर्षातून एकदा तरी तिकडे वळतात. अभिवादन होते, भोजनदान होते, मुलांची भाषणे होतात आणि मग परतीचा प्रवास सुरू होतो. गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास आम्ही काही कुटुंबांनी परतीच्या वाटेवर एक वळण घ्यायचे ठरविले. बाल्टिमोर शहराच्या नैर्ऋत्येस, एल्करिज आणि रिले या दोन वस्त्यांच्या मध्ये, पटॅप्स्को नदीवर एक जुना दगडी रेल्वेपूल उभा आहे. त्याचे नाव थॉमस व्हायाडक्ट. आमच्यात स्थापत्य अभियंते दोन-तीन आहेत. तेव्हा उत्सुकता त्यांची होती, आणि आम्ही बाकीचे त्यांच्या मागून निघालो होतो. परत येताना मात्र प्रत्येकाच्या मनात विचार वेगळाच होता. तो विचार वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

दरी, दगड आणि वळण

अमेरिकेतील प्रवासी व माल वाहतुकीची पहिली मोठी रेल्वे कंपनी म्हणजे बाल्टिमोर अँड ओहायो. तिच्या कामाची पायाभरणी ४ जुलै १८२८ रोजी झाली. सुरुवातीला रुळांवरून घोडे डबे ओढीत. वाटेत जेथे थकलेले घोडे सोडून ताजे घोडे जुंपले जात, त्या जागेला ‘रिले’ हे नाव पडले. पुलाच्या एका टोकाची वस्ती आजही तेच नाव धारण करून आहे. पुढे कंपनीने बाल्टिमोरहून राजधानी वॉशिंग्टनला जाणारी शाखा काढण्याचे ठरविले. त्या मार्गात पहिलाच अडथळा होता तो पटॅप्स्को नदीच्या खोल दरीचा.

नदीवरचा साधा पूल पाणी ओलांडतो. व्हायाडक्ट सबंध दरी ओलांडतो. आगगाडीला चढ-उतार सोसत नाही. बैलगाडीसारखी ती उतारावरून पात्रापर्यंत उतरून पुन्हा काठ चढू शकत नाही. म्हणून दोन्ही काठांच्या उंचीवर, जवळजवळ सपाट असा दगडी रस्ताच हवेत उभारावा लागतो. येथे तो पाण्यापासून सुमारे ५९ फूट उंचीवर उभारावा लागणार होता.

हे काम आले बेंजामिन हेन्री लॅट्रोब या तरुण अभियंत्याकडे. त्यांचे वडील त्याच नावाचे थोर वास्तुरचनाकार होते. वॉशिंग्टनमधील कॅपिटॉलच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. मुलापुढचा प्रश्न वेगळा होता. दोन्ही काठांवरील मार्ग समोरासमोर येत नव्हते. पूल सरळ बांधला तर गाडीला दोन्ही टोकांना तीव्र वळण घ्यावे लागले असते. तेव्हा लॅट्रोब यांनी सबंध पूलच वळणावर बांधण्याचा निर्णय घेतला. अमेरिकेत तोपर्यंत असा वक्र रेल्वेपूल कोणी बांधला नव्हता.

पुलाची लांबी ६१२ फूट आहे आणि रुंदी वरच्या बाजूस सुमारे २६ फूट. त्याला आठ कमानी आहेत व प्रत्येकीचा गाळा सुमारे ५८ फुटांचा आहे. वळण चार अंशांचे, म्हणजे दर शंभर फुटांना मार्ग चार अंशांनी वळतो. आमच्यातील एका अभियंता भगिनीने तेथेच कागदावर हिशेब मांडून मुलांना दाखविला. या वळणाची त्रिज्या सुमारे १,४३० फूट भरते, आणि पुलाची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा सुमारे ११ फुटांनी लांब होते. सरळ पुलावर एका कमानीचे माप काढले की तेच सर्व कमानींना चालते. वळणावर मात्र आतली बाजू आखूड आणि बाहेरची लांब, त्यामुळे प्रत्येक दगडाचे माप चुकण्याची भीती होती. लॅट्रोब यांनी यावर उपाय शोधला. त्यांनी खांबांच्या बाजू वळणाच्या त्रिज्यांवर आखल्या. त्यामुळे प्रत्येक खांब पाचरीच्या आकाराचा झाला, आतल्या अंगाला निमुळता आणि बाहेरच्या अंगाला रुंद. वळणाचा सगळा गुंता खांबांच्या आखणीतच सोडविला गेला.

कमानीचे तत्त्व आपल्याला अपरिचित नाही. पाचरीसारखे घडविलेले दगड लाकडी साच्यावर दोन्ही बाजूंनी रचीत आणायचे, माथ्यावर शेवटचा दगड ठोकून बसवायचा आणि मग साचा काढून घ्यायचा. त्यानंतर वरचे ओझे जितके वाढेल तितके दगड एकमेकांना घट्ट धरतात. दगड ओढला तर तुटतो, पण दाबला तर त्याची ताकद अफाट असते. कमान त्याला केवळ दाबाचेच काम देते. दगड होता पटॅप्स्कोच्याच खोऱ्यातील खाणींचा, करड्या रंगाचा ग्रॅनाइट. दर्शनी भाग फार गुळगुळीत न करता टाकीने ठोकून काढलेला आहे. एकूण दगडी बांधकाम सुमारे २४,५०० घनयार्ड भरते. वरच्या कडेला बिडाच्या कंसांवर तोललेली अरुंद पायवाट आणि नक्षीदार कठडा आहे. सजावट म्हणावी अशी तेवढीच; बाकी सगळे सौंदर्य प्रमाणाचे.

काम ४ जुलै १८३३ रोजी सुरू झाले आणि ४ जुलै १८३५ हा पूर्ततेचा दिवस मानला गेला. खर्च १,४२,२३६ डॉलर ५१ सेंट झाला. त्या काळी अनेकांनी याला ‘लॅट्रोबचा वेडेपणा’ म्हणून हिणविले. सहा टनांचे इंजिनसुद्धा हा पूल पेलणार नाही असे ते म्हणत. आज त्यावरून जाणारी मालगाडीची इंजिने प्रत्येकी जवळजवळ २०० टनांची असतात. १८६८ च्या जुलैमध्ये पटॅप्स्कोला आलेल्या महापुराने खोऱ्यातील गिरण्या आणि घरे वाहून नेली, १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस वादळाने पुन्हा तसाच कहर केला. पूल जागेवरच राहिला. १९६४ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गावरील सँकी व्हायाडक्ट याहून पाच वर्षांनी जुना आहे. परंतु अनेक कमानींचा आणि वळणावरचा असा इतका जुना दगडी रेल्वेपूल अमेरिकेत दुसरा नाही. बाल्टिमोर-वॉशिंग्टन लोकल आजही येथूनच धावते.

आजींचा प्रश्न

आमच्याबरोबर मराठवाड्यातून मुलाकडे आलेल्या एक आजी होत्या. कमानींखालून एक छोटा रस्ता जातो. तेथे त्या खांबाजवळ गेल्या आणि दगडावर तळहात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. नातवाने विचारले, “आजी, हे मशीननं कापलंय का गं?” आजी म्हणाल्या, “मशीन कुठलं रे बाळा, हाताचं काम हाय हे. ही बघ टाकीची खूण. एकेक दगूड माणसानं ठोकून काढलाय.”

आजींनी १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली होती. आमच्यापैकी कित्येकांच्या घरांत हा इतिहास आहे. आम्ही आज संगणकावर पुलांचे आराखडे काढतो, पण आमच्या आधीच्या पिढीच्या तळहातांना दगड ठाऊक आहे. आजींनी पुढचा प्रश्न विचारला तो सहज, कोणताही आव न आणता. “ज्यांनी बांधला त्यांची नावं कुठं लिवलीत?”

नावे लिहिलेली आहेत. पुलाच्या रिलेकडील टोकाला सुमारे १५ फूट उंचीचा एक दगडी स्तंभ आहे. कंत्राटदार जॉन मॅकार्टनी यांनी तो स्वतःच्या इच्छेने उभारला. त्यावर काम सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख आहे, अभियंत्याचे नाव आहे, कंपनीच्या संचालकांची नावे आहेत, आणि मॅकार्टनी यांचे स्वतःचेही आहे. पुलाला ज्यांचे नाव दिले ते फिलिप थॉमस हे कंपनीचे पहिले अध्यक्ष होते. पाथरवटांचे किंवा मजुराचे नाव मात्र त्या स्तंभावर नाही.

ज्यांची नावे नाहीत

वॉशिंग्टन शाखेवर राबणारे बहुसंख्य मजूर आयर्लंडमधून आलेले गरीब स्थलांतरित होते. मातीकाम, खडक फोडणे, भराव घालणे ही कामे ठेकेदारांच्या हाताखाली चालत. मजुरी थोडी, राहायला झोपड्या, आणि ठेकेदार बुडाला तर मजुरीही बुडे. १८३४ मध्ये या शाखेवर असंतोषाचे भडके उडाले. त्या नोव्हेंबरात मार्गावरील देखरेख करणाऱ्यांचे खून पडले आणि राज्याला मिलिशिया बोलवावी लागली. वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर दंगेखोर असा शिक्का मारला. आपणही परदेशात येऊन राहिलेली माणसे आहोत. परमुलुखातील मजुराचा आवाज कागदावर कसा उतरतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पण मेरीलँडमध्ये आयरिश मजुराच्याही खाली एक पायरी होती. हे गुलामगिरीचे राज्य होते. ज्या १८३४ साली पटॅप्स्कोवर कमानी चढत होत्या, त्याच साली चेसापीक उपसागराच्या पलीकडे टॅल्बट परगण्यात फ्रेडरिक डग्लस नावाचा किशोरवयीन गुलाम एडवर्ड कोव्ही या क्रूर शेतकऱ्याचे फटके खात होता आणि एके दिवशी त्याने उलट प्रतिकार केला. पुलाचा प्रारंभ आणि पूर्तता दोन्ही ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनी, साधण्यात आली. १८५२ मध्ये याच डग्लस यांनी देशाला जाहीर सवाल केला की गुलामाच्या दृष्टीने ४ जुलैचा अर्थ काय. पुलावरील तारीख वाचताना तो सवाल आम्हाला टाळता आला नाही.

पुलावरून गेलेली माणसे

१८३५ पासून पुढे कित्येक दशके बाल्टिमोरहून वॉशिंग्टनला जाणारा हा एकमेव रेल्वेमार्ग होता. त्यामुळे राजधानीकडे आगगाडीने जाणाऱ्या प्रत्येकाला हा पूल ओलांडणे भाग होते. १८४४ मध्ये मोर्स यांची तारायंत्राची पहिली तार याच मार्गाच्या कडेने टाकली गेली.

एप्रिल १८४१ मध्ये सॉलोमन नॉर्थप नावाचे एक व्हायोलिनवादक बाल्टिमोरला आगगाडीत बसले. ते कृष्णवर्णीय होते, पण न्यूयॉर्क राज्यात स्वतंत्र म्हणून जन्मलेले. दोन गोऱ्या इसमांनी त्यांना सर्कशीत वाजविण्याच्या कामाचे आमिष दाखविले होते. राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांच्या अंत्ययात्रेच्या आदल्या संध्याकाळी ते वॉशिंग्टनला पोहोचले. पटॅप्स्को ओलांडताना ते स्वतंत्र नागरिक होते. दोन-तीन दिवसांत गुंगीचे औषध देऊन त्यांना गुलामांच्या कोठडीत टाकण्यात आले आणि तेथून लुइझियानाला विकण्यात आले. सुटका झाली ती बारा वर्षांनी, जानेवारी १८५३ मध्ये. त्यांनी आपली कहाणी त्याच वर्षी पुस्तकरूपाने सांगितली, म्हणून आपल्याला ती ठाऊक आहे. ज्यांनी सांगितली नाही त्यांची गणती कोण करणार?

२३ फेब्रुवारी १८६१ च्या पहाटे, उजाडण्यापूर्वी, एक उंच मनुष्य आपली ओळख लपवून याच पुलावरून वॉशिंग्टनला गेला. ते निर्वाचित राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन होते. बाल्टिमोरमध्ये त्यांच्या हत्येचा कट असल्याची खबर होती. दोन महिन्यांत युद्ध पेटले. बाल्टिमोरमध्ये सैनिकांवर जमावाने हल्ला केला, आणि उत्तरेकडून राजधानीकडे येणारा हा एकच लोहमार्ग शत्रूच्या हाती पडू नये म्हणून मे १८६१ मध्ये जनरल बेंजामिन बटलर यांनी रिले येथे तोफा आणि पलटणी आणून पुलावर पहारा बसविला. १ नोव्हेंबर १८६४ रोजी मेरीलँडच्या नव्या राज्यघटनेने गुलामगिरी संपुष्टात आणली. पुढच्या वर्षी २१ एप्रिलला लिंकन यांची शवपेटी घेऊन निघालेली गाडी त्याच आठ कमानींवरून उलट दिशेने, बाल्टिमोरकडे गेली.

या लढ्याशी आपले नाते जुने आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण करून. जोतीराव स्वतः खडकवासल्याच्या धरणाच्या कामावर साहित्य पुरविणारे कंत्राटदार होते. दगड वाहणाऱ्या माणसाची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. अर्पणपत्रिकेतील ती माणसे आम्हाला पुस्तकात दूर वाटत. पटॅप्स्कोच्या काठी उभे राहिल्यावर ती जवळ आली.

डबा सारखा, माणूस वेगळा

गुलामगिरी गेली, पण भेद गेला नाही. १९०४ मध्ये मेरीलँडने कायदा करून रेल्वेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय प्रवाशांना वेगळे बसविले. त्याच वर्षी हॉवर्ड विद्यापीठातील कायद्याचे कृष्णवर्णीय प्राध्यापक विल्यम हार्ट यांनी न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला येताना जागा सोडण्यास नकार दिला. त्यांना अटक झाली, दंड झाला. त्यांनी अपील केले आणि १९०५ मध्ये मेरीलँडच्या वरिष्ठ न्यायालयाने ठरविले की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या प्रवाशाला हा कायदा लागू करता येणार नाही. हा विजय अर्धाच होता, तरीही तो कायद्याच्या मार्गाने मिळविलेला होता.

हा प्रसंग वाचताना आपल्यापैकी कोणाला मसूर स्टेशन आठवणार नाही? साल १९०१. साताऱ्याहून वडिलांना भेटण्यास निघालेला नऊ वर्षांचा भीमराव आणि त्याची भावंडे फलाटावर उतरली. कपडे नीटनेटके पाहून स्टेशनमास्तर आस्थेने बोलला, आणि ‘महार’ हा शब्द ऐकताच मागे सरला. भाड्याची गाडी मिळाली ती दुप्पट पैसे देऊन आणि मुलांनी स्वतः हाकण्याच्या बोलीवर. रात्र पाण्यावाचून गेली. लोखंडी रूळ सर्वांना सारखेच वाहून नेतात. भेद रुळांत नसतो, तो फलाटावरच्या माणसाच्या मनात असतो आणि तेथून तो कायद्यात शिरतो किंवा कायद्याने बाहेर काढावा लागतो. बाबासाहेबांनी हीच गोष्ट आपल्या राज्यघटनेत लिहून ठेवली.

दोन स्तंभ आणि एक लेणे

आजींच्या प्रश्नाकडे पुन्हा येतो. रिलेचा स्तंभ पाहताना आम्हाला दुसरा स्तंभ आठवला. तो जवळजवळ त्याच काळातील, १८२१-२२ मधील, आणि तशाच घाटाचा आहे: भीमा कोरेगावचा. तोही सत्ताधाऱ्यांनीच उभारला. पण त्यावर केवळ अधिकाऱ्यांची नावे नाहीत. पडलेल्या साध्या शिपायांचीही आहेत, आणि त्यांत ‘नाक’ असा शेवट असलेली आपल्या पूर्वजांची नावे आहेत. ती कोरलेली होती म्हणूनच १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे जाऊन आपल्या लोकांना त्यांचा इतिहास दाखवू शकले. नाव कोरणे ही शोभेची बाब नसते, हे आम्हाला त्या दिवशी नव्याने कळले.

याहून जुने उदाहरण आपल्या धम्माच्या वारशात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या कार्ले येथील चैत्यगृहात राजे आणि श्रेष्ठी यांच्याबरोबर धेनुकाकटचा गांधी सिंहदत्त याचे नाव आहे, आणि द्वाराचे काम करणारा सुतार सामी याचेही आहे. बुद्धाच्या संघात सुताराचे नाव दगडावर कोरण्यास कोणी कमीपणा मानला नाही. याच कार्ल्यापासून जवळ भोर घाटात १८५६ ते १८६३ या काळात रेल्वे चढविली गेली: पंचवीस बोगदे, आठ दगडी व्हायाडक्ट, आणि १८६१ च्या सुमारास ४२,००० हून अधिक मजूर. कॉलरा आणि तापाने तेथे माणसे मेली, दरडींखाली मेली. अभियंता जेम्स बर्कले यांचे नाव इतिहासात आहे आणि ते असावेच. मजुरांचे नाव मात्र तेथेही शोधून सापडत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराला मिळाले ते दीडशे वर्षांपूर्वीच्या बिगाऱ्याला मिळाले नाही.

लॅट्रोब यांची बुद्धी थोर होती, यात शंका नाही. पाचरीच्या आकाराचे ते खांब पाहताना मुलांच्या डोळ्यांत जे कुतूहल होते ते आम्हाला हवेच आहे. आमच्या मुलांनी असे पूल बांधावेत आणि त्यांवर त्यांची नावे यावीत. आमचे म्हणणे एवढेच की त्यांनी ती नावे कोरताना बाकीची विसरू नयेत. शिका या आज्ञेत हेही येते.

ज्या कुटुंबांना जायचे असेल त्यांनी पटॅप्स्को व्हॅली स्टेट पार्कच्या एव्हलॉन भागाकडून जावे. तेथून कमानी खालून पूर्ण दिसतात. रुळांवर किंवा पुलावर चढू नये, गाड्या सतत धावत असतात. शरद ऋतूत झाडांचे रंग आणि करडा दगड यांचा मेळ विशेष दिसतो. मुलांबरोबर कागद-पेन्सिल न्यावी आणि एका कमानीतील दगड मोजायला लावावेत. आमच्या मुलांनी मोजले. प्रत्येकाचा आकडा वेगळा आला आणि बराच वाद झाला.

निघताना आजींनी पुन्हा एकदा त्या दगडावर हात ठेवला. नातवाने विचारले, “आजी, त्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत का?” आजी म्हणाल्या, “नावं नाय कळली तरी काम कळतंय ना. तेवढं ध्यानात ठेव.” नातवाने त्या रात्री आपल्या वहीत पुलाचे चित्र काढले. खाली त्याने लॅट्रोबचे नाव लिहिले आणि त्याच्या पुढे, शिक्षकांनी सांगितले नसताना, ‘आणि इतर पुष्कळ माणसे’ असे लिहिले.

जयभीम. नमो बुद्धाय.